छोटी इलेक्ट्रिक कार घेताना दोन गाड्यांची तुलना कशी करावी

दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं उघडण्याआधी एका कागदावर वर्षातला आपला सगळ्यात अवघड दिवस लिहून काढा. एकूण किती किलोमीटर, त्यातले महामार्गावरचे किती, गाडीत माणसं किती, एसी किंवा हीटर किती वेळ चालेल, वाटेत चार्जिंगला थांबता येईल का. रोजचे ३०-४० किमी कुठलीही छोटी इलेक्ट्रिक गाडी काढते. दोघींतला फरक उघडा पडतो तो या अवघड दिवशी, म्हणून पुढचा प्रत्येक आकडा याच कागदाशी ताडून बघायचा.

आधी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते. दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत का, हे तपासा. युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी चाचणी लागू झाली, अमेरिकेत ईपीएची असते, चीनमध्ये सीएलटीसी. त्याच गाडीला ईपीएचा आकडा साधारणपणे सर्वांत कमी मिळतो आणि सीएलटीसीचा सर्वांत जास्त. एकीचा एका चाचणीतला आणि दुसरीचा दुसऱ्या चाचणीतला आकडा शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. बॅटरीचंही तसंच: एकूण क्षमता नको, प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता विचारा. थोडा भाग बॅटरीच्या संरक्षणासाठी राखून ठेवलेला असतो आणि तो चालकाला कधीच मिळत नाही.

पण खरा आकडा आपणच काढायचा, आणि त्यासाठी टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची पुरत नाही. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, शक्यतो लागोपाठ मागून घ्या. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या, माणसं तेवढीच ठेवा, एसी दोन्हींत २४ अंशांवर. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असताना निघा. पूर्ण भरलेली असेल तर ब्रेक लावताना परत मिळणारी वीज साठवायला जागा नसते आणि खप उगाच जास्त दिसतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा. जाऊन-येऊन निदान ४० किमी चालवा, त्यातले २० किमी महामार्गावर एकाच वेगाने, आणि परत त्याच रस्त्याने या, म्हणजे चढ आणि वारा बऱ्याच अंशी आपोआप वजा होतात. शेवटी दर १०० किमीला किती युनिट लागले ते टिपा. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट. बॅटरी किती टक्के उतरली त्यावरून हिशोब करू नका: एवढ्याशा अंतरात १५-२० टक्केच उतरतात आणि एका टक्क्याची चूकसुद्धा उत्तर पाच-सात टक्क्यांनी हलवते.

समजा पहिल्या गाडीत वापरता येणारे २६ युनिट आहेत आणि खप १०० किमीला १२.५. दुसरीत ३० युनिट, खप १५.५. पहिली २०८ किमी जाते, दुसरी १९३. मोठी बॅटरी असलेली गाडी मागे पडली. उंच, चौकोनी गाड्यांचं महामार्गावर असंच होतं, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शहरात काढलेला खपाचा आकडा महामार्गाला कधीही लावू नका.

चार्जिंगमध्ये सगळ्यात जास्त फसगत गाडीतल्या एसी चार्जरबाबत होते (इथे एसी म्हणजे घरातली प्रत्यावर्ती वीज, वातानुकूलन नव्हे). २३० व्होल्ट गुणिले ३२ अँपिअर म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅट. "११ किलोवॅट" लिहिलेला चार्जर मात्र तीन फेजचा असतो, प्रत्येक फेजवर १६ अँपिअरचा. आपल्याकडे एकच फेज असेल तर अशा काही गाड्या फक्त ३.७ किलोवॅट घेतात, म्हणजे कागदावर मोठा चार्जर असलेली गाडी आपल्या दारात ७.४ वालीच्या निम्म्या वेगाने भरते. एका फेजवर किती अँपिअर घेते, हे लेखी विचारा. शिवाय चार्जिंगमध्ये १०-१५ टक्के वीज वाया जाते: २६ युनिटची बॅटरी भरायला भिंतीतून ३० च्या आसपास लागतात. ३.३ किलोवॅटने ते नऊ तासांचं काम आहे. गाडी रात्रभर उभी राहणार असेल, तर जास्त वेगवान एसी चार्जरसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

फास्ट चार्जिंगचा कमाल आकडा जेमतेम काही मिनिटं टिकतो. त्याऐवजी १० ते ८० टक्के भरायला लागणारी मिनिटं घ्या आणि त्यांचे किलोमीटर करा. वरच्या उदाहरणात पहिली ३२ मिनिटांत १८.२ युनिट घेते, म्हणजे सुमारे १४५ किमी. दुसरी ३४ मिनिटांत २१ युनिट, म्हणजे १३५ किमी. मिनिटाला साडेचार विरुद्ध चार किलोमीटर. अवघड दिवशी दोनदा फास्ट चार्जिंग करावं लागणार असेल तर बॅटरीला द्रव-शीतन, म्हणजे द्रव फिरवून थंड ठेवायची सोय, आहे का, हे बघाच. त्याशिवाय दुसऱ्या खेपेला तापलेली बॅटरी वेग कमी करते. निसानच्या पहिल्या पिढीच्या लीफमध्ये अशी व्यवस्था नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत तिच्या बॅटऱ्या लवकर क्षीण झाल्या.

बॅटरीचा प्रकारही विचारा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) जास्त चार्जिंग-फेऱ्या सोसते आणि ती अधूनमधून १०० टक्के भरावीच लागते, नाहीतर उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो; कडाक्याच्या थंडीत मात्र ती हळू भरते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा साठवते, पण रोज ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी. म्हणजे रोज हाताशी असणारी रेंज दोघींची वेगवेगळ्या टक्क्यांवरून मोजायची.

बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा आठ वर्षं किंवा १,६०,००० किमीची असते आणि क्षमता घटल्याबद्दल ती बहुधा ७० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच लागू होते. हा टक्का कागदावर लिहिलेला आहे की फक्त "बिघाड" म्हटलंय, ते वाचा. ७० टक्क्यांवर पहिली गाडी १४५ किमी जाईल. अवघड दिवस तेवढ्यात बसतो का?

बाकीचं बघायला अर्धा तास पुरे. मागच्या सीटवर मोठ्या माणसाला बसवा: बॅटरीमुळे जमीन उंचावते, गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार उरत नाही; लांब प्रवासात हे फार जाणवतं. डिकीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट? टायरचा कडेचा भाग फाटला तर किट निरुपयोगी. साधी १२ व्होल्टची बॅटरी कुठे आहे, तेही बघा. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. पडद्याचा आकार आणि रंग शेवटी.

सही करण्याआधी निवडलेली गाडी आपल्या पार्किंगच्या सॉकेटला तासभर लावून बघा. चार्जिंग सुरूच झालं नाही तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. प्लग किंवा वायर हाताला चटका बसण्याइतकी तापली तर लगेच बंद करा: जोडणी ढिली आहे किंवा वायर बारीक. गाडी येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) आणि विजेच्या गळतीपासून संरक्षण देणारं उपकरण बसवून घ्या.