लेकराच्या आराखड्याची बैठक: आधीच्या पंधरा दिवसांत काय करायचं

माझी लेक दहा वर्षांची, चौथीत आहे. प्रमाणपत्रावर बौद्धिक दिव्यांगत्व 50 टक्के असं लिहिलंय. औशाजवळच्या एका गावात आमची पिठाची गिरणी आहे आणि शाळा सुटली की ती गिरणीतच असते.

गेल्या वर्षी शाळेतून निरोप आला, "लेकराचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचाय, सहीला या." दिव्यांग लेकरानं वर्षभरात काय शिकायचं आणि त्याला काय मदत द्यायची, ते त्यात लिहितात. सर लोक त्याला आयईपी म्हणतात. मी पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि गेले. दहा मिनिटांत बाहेर. कागदावर 'अक्षरओळख वाढविणे', 'सामाजिक कौशल्ये विकसित करणे' असं लिहिलेलं. वरचं नाव बदललं असतं तर तो कागद तालुक्यातल्या कुठल्याही लेकराला चालला असता. मी सही केली. वर्षभर तो कुणी उघडला नाही. मीही नाही, म्हणून नुसता शाळेला बोल लावत नाही.

यंदा तयारी करून गेले. काय केलं ते सांगते, तुम्हाला जमेल ते घ्या.

पहिलं काम वहीचं. बैठकीच्या आधी पंधरा दिवस रोज दोन-तीन ओळी लिहायच्या. 'हुशार आहे', 'ऐकतच नाही' असलं काही लिहायचं नाही. काय केलं, कितीदा केलं, किती मदत लागली, बस. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: 'सोमवार. दळणाचे 27 डबे. 23 ज्याचे त्याला बरोबर दिले. चुकले ते चारही नवे स्टीलचे, एकसारखे.'

हे लिहीपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं की ती डबे ओळखते कशी. दोन दिवस नीट पाहिलं. एकाची कड चेपलेली, एकाच्या कडीला लाल चिंधी, एकाचं झाकण दुसऱ्याच डब्याचं. डब्यांवर ऑइलपेंटनं नावं आहेत, पण नावाकडं ती बघतच नाही. ज्या लेकराबद्दल शाळेच्या कागदावर 'स्मरणशक्ती कमी' लिहिलंय, त्याच्या डोक्यात सगळ्या गल्लीचे डबे बसलेत. स्टीलचे चार चुकले, कारण त्यांना खूणच नव्हती. म्हणजे तिला वाचायला लावायची जागा नेमकी तीच. ही गोष्ट मी वही धरली नसती तर बैठकीत सांगूच शकले नसते.

मदत लिहायची रीत मला गटसाधन केंद्राच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्राच्या, विशेष शिक्षक सरांनी शिकवली. सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था आहे, 1984 पासूनची. तिनं शिक्षकांसाठी एक तपासणी यादी केलीय. त्यात 'येतं' आणि 'येत नाही' एवढ्या दोनच खुणा नाहीत. आपली आपण करते, नुसत्या खुणेनं करते, सांगितल्यावर करते, हात धरून करवून घ्यावं लागतं, असं वेगवेगळं मांडतात. मी वहीत तेच चार शब्द केले: आपलं आपण, खुणेनं, सांगून, हात धरून. वेणीचं रिबन वर्षापूर्वी 'हात धरून' होतं, आता 'सांगून' आहे. 'येत नाही' एवढंच लिहिलं असतं तर हे वर्ष वाया गेलं असंच दिसलं असतं.

त्या यादीत आणखी एक खूण आहे, संधीच मिळाली नाही याची. सरांनी विचारलं, "दुकानातून सामान आणते का?" मी म्हणाले, नाही येत. "ताई, कधी पाठवलंय का?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी दहाची नोट हातात देऊन समोरच्या दुकानात काडेपेटी आणायला पाठवलं. काडेपेटी आणली, उरलेले पैसे तिथंच विसरली. वहीत लिहिलं: 'काडेपेटी सांगून, पैसे परत नाही.'

वहीशिवाय मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या, अर्ध्या मिनिटाचे. एक जमतं त्याचा, एक अडतं त्याचा. शाळेत लेकरू दबून बसतं आणि घरी दिसतं तसं तिथं दिसत नाही. माझ्या लेकीचा डबे देतानाचा व्हिडिओ मुख्याध्यापकांनी दोनदा पाहिला.

कागदांचं फार काही नाही. प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), मागचा आराखडा, डोळे-कान तपासल्याच्या चिठ्ठ्या, या वर्षीच्या दोन वह्या. सगळ्यांची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सच द्या, मूळ कागद हातातून सोडू नका. प्रमाणपत्रावर मुदत असेल तर तारीख आजच बघा. आणि मुख्याध्यापकांना विचारा, यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीच्या, नोंदीत लेकराचं नाव दिव्यांग म्हणून चढवलंय का. आमचं दोन वर्षं चढवलेलंच नव्हतं. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून महिन्याला 200 रुपये भत्ता असतो, वर्षात दहा महिने. नोंदच नसेल तर पुढचं काहीच सरकत नाही.

तारीख तुम्हीच मागा, साध्या अर्जानं, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्यात लिहा की वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षक तिघं हजर असावेत. विशेष शिक्षकाकडं बऱ्याच शाळा असतात. ते नसतील त्या दिवशी बैठक म्हणजे चहापाणीच. आमची पहिली तारीख नेमकी येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला ठेवली होती. लातूरकडचा माणूस त्या दिवशी शेतात भज्जी-आंबील सोडून शाळेच्या खुर्चीवर बसतोय होय? बदलून घेतली, कुणाला रागही आला नाही.

बैठकीला एकट्यानं जाऊ नका. मी जाऊबाईंना नेलं. त्यांचं काम एकच, कोण काय म्हणालं ते लिहायचं. आपण बोलायच्या नादात अर्धं विसरतो. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, पण वही उघडून समोर बसल्या तसं सगळेच जरा जपून बोलायला लागले.

आत गेल्यावर मुख्याध्यापकांनी पहिलंच वाक्य टाकलं, "हिला विशेष शाळेत घाला, तिथं वसतिगृह पण असतं." तो माणूस वाईट नाही, पटसंख्येला आणि निकालाला कावलेला आहे. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सर, 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या कलम 31 मध्ये 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या लेकराला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे. जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आमची. आमची निवड हीच शाळा." कलमाचा आकडा मी तळहातावर पेनानं लिहून नेला होता. कायदा बैठकीत एकदाच काढावा. दर वाक्याला कलम आलं की समोरचा माणूस कागद वाचवायच्या मागं लागतो आणि लेकरू बाजूला राहतं.

खरी झटापट उद्दिष्टांवर होते आणि वेळ तिथंच घालवा. 'अक्षरओळख वाढविणे' हे त्यांनी यंदाही लिहून आणलं होतं. मी विचारलं, किती वाढली म्हणजे वाढली? कोण बघणार? कधी? मग वही उघडून स्टीलच्या चार डब्यांची गोष्ट सांगितली. वर्गशिक्षिका बाई पहिल्यांदाच पुढं सरकून बसल्या. शेवटी त्यांनीच सुचवलं आणि कागदावर असं आलं: 'मार्चअखेर एकसारख्या पाच डब्यांतून नाव वाचून सांगितलेला डबा उचलेल, पाचपैकी चार वेळा, खुणेशिवाय. शाळेत वर्गशिक्षिका, घरी आई. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणी.' शाळेत डबे कुठले, म्हणून बाईंनी खडूच्या रिकाम्या खोक्यांवर गल्लीतलीच नावं लिहायचं ठरवलं.

तुमच्या घरी गिरणी नसेल. शेळ्या असतील, किराणा असेल, शिलाई मशीन असेल. लेकरू जिथं आपणहून हात घालतं तिथलंच उद्दिष्ट मागा. आणि तीन-चारच घ्या, बारा नको. आमची चार आहेत: डबे, वीस रुपयांपर्यंत पैसे, रिबन, आणि पोषण आहाराच्या रांगेत उभं राहणं. रांगेचं मी मुद्दाम घातलं, कारण वहीत दोनदा 'रडत घरी आली' असं होतं आणि दोन्ही वेळा कारण रांगेतली ढकलाढकलीच होती. उपाय अगदी साधा निघाला. ती रांगेत सगळ्यांच्या पुढं, एका मैत्रिणीसोबत.

सगळं मिळतं असं नाही. बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून आठवड्याला थेरपिस्ट मागितला, तो नाही मिळाला. विशेष शिक्षक सर महिन्यातून एकदा येऊन व्यायाम दाखवतील, बाकीचे दिवस मी करवून घेईन, असं ठरलं. मला ते पुरेसं वाटत नाही. म्हणून शेरा लिहायच्या जागी 'वाचाउपचार कमी पडतो, पुढच्या बैठकीत पुन्हा मागणी' असं माझ्या हातानं लिहिलं आणि मगच सही केली. शेरा लिहायला कुणी अडवू शकत नाही. सहीआधी सगळं मोठ्यानं वाचून घ्या, रिकाम्या रकान्यांवर आडवी रेघ मारा आणि त्याच दिवशी प्रत मागा. "झेरॉक्स मशीन बंद आहे" म्हणाले तर मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचा.

आमची प्रत प्लास्टिकमध्ये घालून गिरणीच्या स्विचबोर्डाशेजारी टांगलीय. पीठ बसतं, दर सोमवारी पुसावं लागतं. गेल्या सोमवारी पाचपैकी दोन झाले. तिसऱ्याला तिनं झाकण उघडून आतल्या ज्वारीचा वास घेऊन डबा ओळखला. तो बरोबर धरायचा की नाही, हे बाईंना विचारायचंय.