पहिली बाइक हायवेसाठी घेताना: ऐंशीचा हिशोब

भाचीला हिंजवडीत नोकरी लागली आणि महिन्याभरात तिचा फोन आला. "मामा, दर शनिवारी साताऱ्याला यायचंय. एसटीत उभं राहून पाय दुखतात. सगळं मिळून सव्वा लाख आहेत, कुठली गाडी घेऊ?" शहरात स्कूटर चालवायची सवय तिला होती, पण गिअरची गाडी पहिलीच, हायवेही पहिलाच. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी जे शोधलं आणि तपासलं, ते क्रमाने इथे लिहितो आहे. तुमचा रस्ता वेगळा असेल, पण हिशोब हाच करावा लागेल.

पहिली पायरी: गाडीच्या आधी रस्ता बघा

मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघण्याआधी आपण नेमके कुठे जाणार ते कागदावर लिहा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. आपल्याला उरतात ते जुना मुंबई-पुणे रस्ता, पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे जाणारा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, कोकणातला ६६ नंबरचा, नाशिकचा कसारा घाट आणि आडवे-तिडवे राज्यमार्ग. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर दुचाकीची केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, इतर रस्त्यांवर ६०. राज्य ती आणखी खाली आणू शकतं, त्यामुळे वाटेतल्या पाट्या बघायच्या.

हा ८० चा आकडा डोक्यात पक्का करा, कारण त्याने निम्मं काम सोपं होतं. १२० ने पळणाऱ्या गाडीची गरजच उरत नाही. गरज आहे ती अशा गाडीची, जी ८० ला शांतपणे दोन तास चालेल, घाटात दम खाणार नाही, आणि कुत्रं आडवं आलं तर सरळ रेषेत थांबेल.

दुसरी पायरी: ऐंशीला इंजिनात किती शिल्लक राहतं

माझी पहिली गाडी १०० सीसीची होती. गावात आणि शहरात तिने मला अगदी सुखाने फिरवलं. पण पुण्याहून सातारला जाताना पारगाव खंडाळा सोडून खंबाटकीचा घाट चढायला लागलो, मागे डबलसीट मित्र, त्याच्या पाठीवर सॅक, की गाडी तिसऱ्या गिअरवर यायची. मागून भरलेला ट्रक यायचा, त्याचा हॉर्न पाठीवर आदळायचा आणि माझ्याकडे पिळायला ॲक्सिलरेटर उरलेला नसायचा. ती भीती मी विसरलेलो नाही, म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबतो.

कारण साधं आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. ६० वरून ८० वर जाताना वेग एक तृतीयांशच वाढतो, पण हवा कापायला सव्वादोन पटीपेक्षा जास्त ताकद लागते. १०० सीसीच्या गाडीत सगळी मिळून ८ हॉर्सपॉवरच्या आसपास असते. ८० ला ती जवळजवळ सगळी खर्ची पडते. समोरून वारा आला, चढ आला, मागे माणूस बसला की वेग पडतो. १२५ सीसीत ११ च्या आसपास मिळते. एकटे जाणार असाल, ६५-७० ला समाधानी असाल आणि महिन्यातून एखादीच फेरी असेल, तर टीव्हीएस रेडर किंवा हिरो एक्स्ट्रीम १२५ आर यांसारखी गाडी चालून जाते. पण ८० ला तीही पुरती ताणलेली असते.

१५० ते १६५ सीसीच्या गाड्यांत साधारण १२ ते १८ हॉर्सपॉवर मिळते, वजन १३५ ते १५५ किलोच्या दरम्यान असतं. माझ्या मते पहिल्या हायवे गाडीची जागा ही आहे. यामाहा एफझी, सुझुकी जिक्सर, होंडा युनिकॉर्न, बजाज पल्सर एन १६०, टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० फोर व्ही या सगळ्या याच पंगतीतल्या. ८० ला त्यांच्याकडे थोडी ओढ शिल्लक राहते, आणि ट्रक ओलांडताना आपल्याला तीच हवी असते. वजनाचाही फायदा आहे. शेजारून कंटेनर गेला की हवेचा झोत बसतो, त्यात हलकी गाडी जास्त हलते.

मग ३५० का नाही? एकतर सव्वा लाखात नवी बसत नाही. दुसरं, यातली हलकी समजली जाणारी रॉयल एनफिल्डची हंटरसुद्धा १८१ किलोची आहे. पार्किंगमध्ये उतारावरून मागे ढकलताना नवशिक्याला ते वजन कळतं. दोन वर्षं १५० चालवा, मग ठरवा.

कागदावरच्या आकड्यांवर मात्र थांबू नका. शोरूमची टेस्ट राइड गल्लीला एक चक्कर मारून संपते, तिच्यातून हायवेचं काहीच कळत नाही. ओळखीत कोणाकडे तीच गाडी असेल तर त्याला चालवायला सांगा आणि तुम्ही मागे बसा, मोकळ्या रस्त्यावर ८० ला दहा मिनिटं. फूटरेस्टमधून पायाला मुंग्या येतात का? आरशात मागचा ट्रक नीट दिसतो, की सगळं थरथरतं? वरच्या गिअरमध्ये ६० वरून ८० ला जायला गाडी किती वेळ घेते? भाचीने अशा तीन गाड्यांवर बसून बघितलं. पहिल्यापासून तिच्या मनात असलेली गाडी याच परीक्षेत मागे पडली.

तिसरी पायरी: ब्रेकवर पैसे घाला

८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. आपण काही बघून ब्रेककडे बोट नेईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. त्यानंतर घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि चाक लॉक झालं, तर गाडी क्षणात आडवी होते. एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग, ते चाक लॉक होऊ देत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. जुनी गाडी घेताना ही तारीख लक्षात ठेवा: त्याआधीच्या बऱ्याच १५० सीसी गाड्यांना एबीएस नाही. कितीही स्वस्त मिळाली तरी अशी गाडी मी भाचीला घेऊ दिली नसती.

सिंगल चॅनल म्हणजे सहसा फक्त पुढच्या चाकाला एबीएस, ड्युअल म्हणजे दोन्ही चाकांना. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरणार असाल तर ड्युअलचे जास्तीचे पैसे वसूल होतात. पल्सर एन १६० आणि अपाचे १६० फोर व्हीच्या काही व्हेरिएंटना ते येतं. व्हेरिएंटचं नाव नीट वाचून घ्या, सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

चौथी पायरी: अंगाला बसते का

सीटवर बसून दोन्ही पायांचे निदान चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. भाचीची उंची पाच फूट दोन इंच. ८१० मिलिमीटरच्या सीटवर ती बोटांवर उभी राहायची, ७९० ला पाय बऱ्यापैकी टेकले. दोन सेंटिमीटरचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण सिग्नलला डाव्या बाजूला खड्डा असला की तोच गाडी सावरतो. हँडल फार खाली नको, दोन तासांत मनगटं भरून येतात. कोणी नेहमी मागे बसणार असेल तर त्यालाही बसवून बघा. स्पोर्टी दिसणाऱ्या काही गाड्यांची मागची सीट पाटासारखी अरुंद आणि उंच असते.

पाचवी पायरी: पैसे मांडून बघा

एक्स-शोरूम किमतीवर स्वप्नं बघू नका. महाराष्ट्रात या गटातल्या गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्यावर पासिंग आणि विमा. २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती उतरल्या. तरीही नव्या १६० सीसी गाडीचा ऑन-रोड आकडा सव्वा लाखात बसवणं अवघड जातं.

विम्यातली एक खाच सहसा कोणी सांगत नाही. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) एकदम घ्यावा लागतो, आणि त्याचा दर १५० सीसीला बदलतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला तो ३,८५१ रुपये आहे, त्याच्या वर ३५० पर्यंत ७,३६५ रुपये, शिवाय कर. म्हणजे १४९ सीसीची एफझी खालच्या दरात बसते आणि १५५ ची जिक्सर वरच्या. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही, बाहेरचा भाव काढून बघा. कोटेशन ओळीओळीने लिहून मागा. 'हँडलिंग'च्या नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा आणि काढायला लावा.

आणि गाडीच्या आधी बजेटमधून दहा-बारा हजार बाजूला काढा. आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ लिहिलेलं फुल फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट, जमलं तर कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट. हे पैसे वाचवून वरचा व्हेरिएंट घेणारे खूप बघितले. तसं करू नका.

सहावी पायरी: जुनी घेत असाल तर

आम्ही इथेच आलो. सव्वा लाखातून बारा हजार सामानाचे गेले, काही दुरुस्तीला ठेवले, उरलेल्यात तीन-चार वर्षांची १५० सीसी गाडी आरामात येत होती. पहिल्या गाडीला ओरखडे पडणारच आहेत. ते जुन्या गाडीवर पडले तर जीव कमी हळहळतो.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर थंड गाडी नीट सुरू होत नसेल ही शंका घ्या. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, तिथूनच परत फिरा.

किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर कोणीतरी तो लपवलाय. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवा, हँडलपाशी टकटक झाली तर कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचं, काम आहे. शॉकअपच्या दांड्यावर तेलाची ओली रेघ म्हणजे सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चकतीवरची, चेन बोटाने मागे ओढा. दाता उघडा दिसण्याइतकी ती सुटत असेल तर चेनसेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २२२३ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो, ओल्या रस्त्यावर तो धरत नाही.

आम्ही बघितलेल्या एका गाडीवर रीडिंग जेमतेम बारा हजार होतं, पण गिअरच्या पायदांडीचं रबर पार गुळगुळीत झालेलं. सर्व्हिसची बिलं मागितली तर "घरी आहेत" म्हणाले. आम्ही आभार मानून निघालो.

कागदांचं काम घाईत उरकू नका. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, एमपरिवहन ॲपवर विमा आणि थकलेले चलान बघा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि गाडी नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्यावा लागतो.

सातवी पायरी: पहिली फेरी

घेतल्या घेतल्या थेट सातारा गाठायचा मोह आवरा. नवी गाडी असेल तर पहिली सर्व्हिस होईपर्यंत एकाच वेगात लांब पळवू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेग पाळा. जुनी असेल तर ऑइल, ब्रेक पॅड आणि टायरची हवा आपल्या मेकॅनिककडून बघून घ्या. आठवडाभर शहरात गिअर आणि क्लच हाताखालून जाऊ द्या, रिकाम्या मैदानावर पुढचा-मागचा ब्रेक एकत्र दाबून थांबायचा सराव करा.

मग रविवारी, उजाडल्यावर निघा. अंधारात नको. डाव्या लेनमध्ये राहा, पण रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून नको, तिथे वाळू आणि उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्या असतात. ट्रकच्या मागे इतके राहा की त्याचे दोन्ही आरसे दिसतील. तासाभराने थांबा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका. परतीला सातारकडून खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की उतारावर ते कुप्रसिद्ध नागमोडी वळण येतं, तिथे वेग बोगद्यातच कमी करून यायचं.

भाचीने एका बँक कर्मचाऱ्याकडून तीन वर्षांची एफझी घेतली, सगळ्या बिलांसकट. पहिल्या फेरीला मी माझ्या गाडीवर तिच्या मागे होतो. खंबाटकीत तिने चौथ्या गिअरमध्ये एक उसाचा ट्रॅक्टर ओलांडला, इंडिकेटर देऊन, नीट मागे बघून. सुरूरला चहाला थांबलो तेव्हा हेल्मेट काढत ती पहिलं बोलली ते चेनबद्दल: "मामा, जरा सैल वाटतेय, सातारला ताणून घेऊ या."