सम येण्याआधी बोट तयार हवं

थंडीच्या दिवसांत वाईला कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकेका घाटाची पाळी लागते, नदीकाठी मांडव पडतो आणि संध्याकाळी कीर्तन, भजन, गाणं होतं. मैफलीचे फोटो काढायला मी तिथे शिकले. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी सहाशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर धड म्हणावेत असे नऊ. कुठे हात पुसट, कुठे माइकच्या मागे तोंड गडप, कुठे गायक नुसता श्वास घेतोय. तेव्हा वाटलं, लेन्स स्वस्तातली आहे म्हणून असं होतंय.

दुसऱ्या दिवशी तबल्याच्या साथीला बसणाऱ्या एका काकांना ते फोटो दाखवले. त्यांनी लॅपटॉपवर वीस-पंचवीस फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "अगं, हे सगळे समेनंतरचे आहेत."

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गायक फिरून फिरून जिथे येतो ती जागा. खरंच होतं ते. लोकांनी "वा" म्हटलं की मी बटण दाबायचे. म्हणजे घडायचं ते घडून गेल्यावर. काका म्हणाले, "आधी महिनाभर नुसती ऐक. मुखडा ओळखता आला की कॅमेरा हातात घे." मुखडा म्हणजे बंदिशीचा समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. अंधारासाठी नवी लेन्स विकत घेण्याआधी ताल मोजायला शिका. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात, पण लय इतकी संथ असते की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिटभर चालू शकतं. गायक आलाप करत फिरतो, आणि आवर्तन संपत आलं की बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर येतो. मुखडा सुरू झाला की हात वर जायला लागतो. वर पोचल्यावर तो क्षणभर थांबतो आणि मग समेवर खाली येतो. ती वरची थांबलेली जागा म्हणजे तुमचा फोटो. तिथे हात स्थिर असतो, चेहरा भरलेला असतो, आणि पुष्कळदा नजर तबलजीकडे वळलेली असते. अशा क्षणी शटर १/८० सेकंदाला ठेवलं तरी स्वच्छ फोटो मिळतो. तोच गायक द्रुत त्रितालात ताना घ्यायला लागला की आवर्तन चार-पाच सेकंदांत संपतं, तिथे १/२५० च्या खाली गेलात तर मान, हात सगळं वाहून जातं. तबल्यावरची बोटं गोठवायची तर १/५०० लागतो. मला स्वतःला चेहरा स्थिर आणि बोटं धूसर असा फोटो जास्त आवडतो. त्यात ठेका ऐकू येतो.

म्हणजे शटरचा वेग लय ठरवते. उरलेला हिशेब उजेडाचा.

आपल्याकडे सूर्य बुडाल्यापासून आकाशातला कामाचा उजेड संपेपर्यंत साधारण २२ ते २४ मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात तो जवळजवळ शंभरपट कमी होतो. लंडनला उन्हाळ्यात हाच वेळ पाऊण तासाच्या घरात जातो, त्यामुळे तिकडच्या लोकांचे व्हिडिओ बघून "निळ्या वेळेत निवांत काढू" असं ठरवून गेलात तर फसाल. उघड्यावर, आकाश स्वच्छ असताना, सूर्यास्ताला मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८ आणि शटर १/६० च्या आसपास असते. मांडवात याहूनही कमी उजेड असतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं. पहिल्या बारा-तेरा मिनिटांत तीन स्टॉप जातात, पुढच्या दहा-बारा मिनिटांत आणखी तीन-साडेतीन. मॅन्युअलवर एकदा सेटिंग करून विसरलात तर दर चार मिनिटांनी फोटो एकेक स्टॉप काळवंडत जातो, आणि डोळे सरावल्यामुळे तुम्हाला ते कळतही नाही. मी या काळात शटर आणि ॲपर्चर हातात ठेवते, आयएसओ ऑटोवर सोडते आणि वरची मर्यादा ६४०० ला बांधते. पूर्ण अंधार झाला, फक्त रंगमंचाचे दिवे उरले, की सगळं मॅन्युअल.

याच वेळेसाठी आपल्या संगीतात वेगळे राग आहेत, त्यांना संधिप्रकाश रागच म्हणतात. मारवा, पूरिया, श्री. कोमल रिषभाची ती बेचैनी आणि मांडवाबाहेर निळा होत जाणारा नदीचा पट्टा एका चौकटीत आले तर तो फोटो सोडू नका. चेहरा थोडा अंधारा राहिला तरी चालेल. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात दुपारचं पहिलं गाणं मांडवाच्या कापडातून गाळून आलेल्या उजेडात होतं. तो उजेड इतका मऊ असतो की पास मिळाला तर दुपारपासूनच जाऊन बसा.

रंगमंचाच्या दिव्यांनी मला सगळ्यात जास्त रडवलं आहे. एका संध्याकाळचे निम्मे फोटो आडव्या काळ्या पट्ट्यांनी वाया गेले, कारण आवाज नको म्हणून मी इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं आणि वर स्वस्तातले एलईडी लुकलुकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/१०० किंवा १/५० ठेवून मेकॅनिकल शटर वापरलं तर पट्ट्या बऱ्याच प्रमाणात जातात, सगळ्या दिव्यांत नाही. म्हणून ध्वनितपासणी चालू असतानाच दहा फोटो काढून, झूम करून बघा. तेव्हाच दिवेवाल्या दादांशी ओळख करून घ्या आणि गायकाच्या तोंडावर जांभळा-गुलाबी नको, साधा पिवळसर पांढरा ठेवा अशी विनंती करा. मी हात जोडून सांगते आणि बहुतेक जण ऐकतात. ऐकलं नाही तर एक स्टॉप कमी घ्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल आणि निळा वेगवेगळा बघा. एखादा रंग फाटला, म्हणजे मर्यादेबाहेर गेला, की गालाचा सपाट डाग होतो, तो नंतर कशानेच भरून येत नाही.

सामानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ५० एमएमची एफ १.८ लेन्स सगळ्यात स्वस्त आणि पहिली, ८५ ची दुसरी. ७०-२०० भाड्याने मिळते. नदीकाठी दव पडतं, काच पुसायला सुती कापड ठेवा.

बसण्याची जागा मात्र नीट निवडा. माइकचा स्टँड कोणत्या बाजूने येतो ते पाहून दुसऱ्या बाजूला, गायकाच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीवर बसा आणि शक्यतो हलू नका. जागा बदलायची तर दोन रागांच्या मधे. फ्लॅश नाहीच. फोकससाठी कॅमेऱ्यातून सुटणारा नारिंगी दिवाही आधी बंद करा. आलापाच्या मधे तो डोळ्यांवर पडला तर गायकाचा सूर हलतो, आणि समोर बसलेल्या रसिकांची ती संध्याकाळ तुम्ही बिघडवलेली असते. सुरुवातीची दहा मिनिटं मी कॅमेरा उचलतच नाही. स्वर लागू द्यावा.

कामाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं बहुतेक आयोजक पैसे देत नाहीत. निदान फोटोखाली नाव छापायचं आधी लेखी ठरवून घ्या. माझा एक फोटो वर्षभर जाहिरातीच्या फलकावर नावाशिवाय झळकला, ते अजून खुपतं. आणि फोटो दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठवा, आधी साथीदारांना. मुख्य कलाकाराचे फोटो सगळेच काढतात. मागे तानपुऱ्यावर दोन-दोन तास ताठ बसलेल्या शिष्येकडे कोणी लेन्स वळवत नाही. वाईला अशाच एका मुलीचा फोटो मी पाठवला होता, समईच्या उजेडात तानपुऱ्याला कान लावलेला. तिच्या आईचा फोन आला, "मोठा करून मिळेल का हो? आमच्याकडे तिचा गाण्यातला एकही फोटो नाही."