आमचा ड्रॅगन खाईना झाला तेव्हा

आमचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळलेला सरडा, चार वर्षांचा. जुलैत कोल्हापूरला झड लागली आणि यानं तोंडच मिटलं. रातकिडे समोर नाचले तरी ढुंकून बघेना. आई म्हणाली, "पांढरा रस्सा देऊन बघ!" आधी वजन केलं, घटलं नव्हतं, जरा धीर आला. मग दिव्याखालच्या दगडाचं तापमान मोजलं: जेमतेम ३१ अंश. तिथं ४० च्या आसपास हवं, नाहीतर याला खाल्लेलं पचत नाही. जास्त वॅटचा दिवा लावला, वर्ष उलटलेली यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब बदलली. पालक बंद केला, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. कपिलतीर्थ मार्केटातला लाल भोपळा किसून वर जास्वंदीचं फूल ठेवलं. पाचव्या दिवशी फूल गायब! किडे आता आठवड्यातून दोनदाच. मोठ्या ड्रॅगनचं मुख्य जेवण पालाच असतं, मीच त्याला पिल्लासारखा भरवत होतो.