मुलांचा चष्मा लांबणीवर टाकायचा कसा, वाढता नंबर आवरायचा कसा

मूल टीव्हीला चिकटून बसतं, डोळे बारीक करून बघतं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवतं? मग डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच करून घ्या. थेंबांशिवाय मुलं डोळ्यांवर ताण देऊन बघतात आणि मायनस नंबर (लांबचं धूसर दिसण्याचा) आहे त्यापेक्षा जास्त निघू शकतो. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परीक्षा नको.

नंबर अजून लागला नसेल, तर सगळ्यात मोठं औषध म्हणजे रोज दोन तास उघड्यावर. भरपूर उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे रसायन तयार होतं आणि बुबुळामागे डोळा लांबट होत जाणं (मायनस नंबर येतो तो यानेच) मंदावतं, असं मानलं जातं. वर्गात जेमतेम 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, झाडाखालच्या सावलीतही काही हजार. म्हणजे ऊन अंगावर घ्यायची गरज नाही, आणि सूर्याकडे तर बघायचंच नाही. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. तैवानने तर 2010पासून शाळांना रोज 120 मिनिटांचं उद्दिष्टच दिलं.

आपल्याकडे अडतं ते क्लासपाशी. उजेड असेपर्यंत मैदान, दिवे लागल्यावर क्लास, एवढी अदलाबदल तरी कराच.

वाचताना अंतर असं मोजा: कोपर पुस्तकावर टेकवायचं, मूठ गालाला लावायची. त्याहून जवळ यायचं नाही. अर्ध्या तासाने उठून खिडकीबाहेर लांब बघायचं. झोपून मोबाईल बघणं बंद.

नंबर लागलाच तर पूर्ण नंबरचा चष्मा द्या. ‘चष्म्याने नंबर वाढतो’ म्हणून कमी नंबरचा देऊ नका. त्याने वाढ थांबत नाही, उलट काही मुलांत जास्त झालेली दिसली आहे. गाजरानेही नंबर उतरत नाही.

नंबर भराभर वाढत असेल, तर डॉक्टरांना अॅट्रोपिनच्या सौम्य थेंबांबद्दल (0.01 ते 0.05 टक्के, रात्री झोपताना) आणि नंबरची वाढ रोखणाऱ्या खास काचांबद्दल स्पष्ट विचारा. आलेला नंबर यांनी जात नाही, वाढ मंदावते. तेही मोलाचं आहे, कारण मायनस 6च्या पुढे पडदा सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका बराच वाढतो. दर सहा महिन्यांनी नंबर तपासा, जमेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून घ्या. आणि थेंब मनाने बंद करू नका, एकदम सोडल्यावर नंबर उसळी मारू शकतो.