ज्यू प्रीस्कूलमध्ये सण शिकवताना या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

मी न्यू जर्सीत एका ज्यू प्रीस्कूलमध्ये असिस्टंट टीचर आहे, वर्ग तीन-चार वर्षांच्या पोरांचा. सुरुवातीला वाटायचं सण आला की गोष्ट सांगायची, क्राफ्ट करून घरी पाठवायचं, झालं काम. पण इथे सण शिकवतात ते रोजच्या कामातून, मळणं, मोजणं, पुसणं, आणि घोळ पण तिथेच होतात.

सगळ्यात मोठा घोळ शुक्रवारच्या खालाचा. खाला म्हणजे शब्बाथचा (ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) वेणीसारखा पाव (‘हल्ला’ लिहिलं तर भलताच अर्थ होतो म्हणून असं लिहितेय). पहिल्या वेळी मी शुक्रवारी दहाला पीठ भिजवलं, वर्गात थंडी, पीठ काही फुगेना आणि बाराला पालक दारात, शेवटी कच्चे गोळे पिशवीत घालून पाठवले. आता गुरुवारी दुपारीच मळून फ्रीजमध्ये ठेवतो, रात्रभरात आरामात फुगतं, सकाळी बाहेर काढून थोडं नरम झालं की वळायला घ्यायचं. हाताला चिकटलं की पोरं अजून पीठ मागतात, देऊ नका, पावाचा दगड होतो, त्यापेक्षा हाताला तेल लावा. आणि तीन पेडांची वेणी या वयात जमत नाही, लांब वळी करून एक गाठ मारू द्या. वाकडी आली तर सरळ करायला जाऊ नका. मी केली होती, तर एक पोरगी बघून म्हणाली, हा माझा नाहीये.

हनुक्काला (ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण) मोजण्यात गंमत होते. पहिल्या दिवशी एक मेणबत्ती, मग रोज एक जास्त, असं आपण सांगतो आणि दिव्यात जळतात दोन, कारण बाकीच्या जिने पेटवायच्या ती शमाश मोजायची नसते. हे आधी सांगितलं नाही तर पोरं आठ दिवस आपलं गणित चुकवतात. मेणबत्त्या उजवीकडून बसवत जायच्या पण पेटवायची सुरुवात डावीकडून, म्हणजे नवीन असेल तिच्यापासून. शमाश धरून 44 लागतात, तुटतात म्हणून जास्तच ठेवा.

पेसाहला (या सणात फुगवलेला पाव वगैरे चालत नाही) मी प्लेडो, म्हणजे खेळायची मऊ कणीक, काढून ठेवायला विसरले होते! आमचा गव्हाच्या पिठाचा असतो म्हणजे हमेत्झ (पेसाहला वर्ज्य असलेली धान्याची वस्तू), मॅकरोनीच्या माळा पण तशाच. तेवढे दिवस साधी माती द्या. पण हे सगळं आपणच रात्री गुपचूप आवरलं तर पोरांना काय कळणार, त्यांना टॉर्च आणि पीस देऊन शोधायला लावा. टॉय किचनमधला प्लास्टिकचा पाव हमेत्झ आहे का यावर आमच्याकडे बराच वेळ वाद चालला आणि शेवटी तो पण खोक्यात गेला. कोकणातले बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) लोक पेसाहला अनाशी ढाकायचा सण म्हणायचे, आंबट पातळ पदार्थाचं भांडं झाकून ठेवायचं म्हणून. प्लेडोचा डबा बंद करताना मला दरवेळी तेच आठवतं.

पुरीमचे (ज्यूंचा वेषांतराचा, धमाल सण) मुखवटे आणि खुळखुळ्यांचा गोंगाट, काही पोरं घाबरतात, आठवडाभर आधी थोडं थोडं वाजवू द्या.

आणि मागच्या वर्षीचा प्लॅनर कॉपी करू नका. हिब्रू कॅलेंडरला पण आपल्यासारखा अधिक महिना असतो, 19 वर्षांत सात वेळा. हनुक्का 2024 मध्ये 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागला आणि 2025 मध्ये 14 लाच. मी जुन्याच तारखा टाकल्या होत्या, मेणबत्त्यांची ऑर्डर अर्धा सण झाल्यावर आली.