घरच्या स्टुडिओत गाण्यासाठी डायनॅमिक माईक कसा निवडावा

डायनॅमिक माईकवर पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज येत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. माईकला गाणे आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कळतो. फरक पडतो तो अंतराने. कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील असलेला दुसऱ्या प्रकारचा माईक, साधारण 30 सेंटिमीटरवरून वापरला जातो, डायनॅमिक मात्र चार बोटांवरून, म्हणजे 7 ते 8 सेंटिमीटरवरून. अंतर निम्मे झाले की तोंडाचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. 30 वरून 7.5 वर येताना ते दोनदा निम्मे होते, म्हणजे 12 डेसिबल वाढ. पंखा तेवढ्याच लांब राहतो, त्यामुळे गेन, म्हणजे माईकचा संकेत वाढवण्याचे प्रमाण, तेवढा कमी केला की पंखाही तेवढाच मागे पडतो.

म्हणून निवडीला सुरुवात माईकच्या यादीपासून करू नका. खोली, गळा, गायकाच्या आजूबाजूला वाजणारी वाद्ये आणि तुमच्या इंटरफेसचा (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्याचा) गेन या चार गोष्टी आधी पाहा. त्या कळल्या की यादीत दोन-तीनच नावे उरतात.

पायरी 1 : डायनॅमिकच हवा का, ते ठरवा

रात्री खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आली, तर खोली घुमणारी आहे आणि डायनॅमिक माईक जवळून वापरणे शहाणपणाचे. गायक जोरकस असेल, लावणी, पोवाडा किंवा रॉक गाणारा असेल, तरीही डायनॅमिक शोभतो. त्यात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि पडद्याला ते वजन वाहावे लागते. त्यामुळे आवाजाची टोकेरी धार थोडी बोथट होते, आणि जोरकस गळ्याला ते मानवते.

उलट खोलीत गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटे असतील, गळा मुलायम असेल आणि भावगीतातला श्वासही ऐकू यावा अशी इच्छा असेल, तर कंडेन्सरच घ्या. डायनॅमिकवर तो श्वास हवा तसा मिळत नाही. मागून इक्वलायझरने वरची पट्टी चढवली तर तिच्याबरोबर सूं असा आवाजही चढतो.

डायनॅमिक म्हणजे स्वस्तातली तडजोड असेही समजू नये. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी 1982 च्या 'थ्रिलर' अल्बमसाठी मायकेल जॅक्सनचा आवाज शुअर एसएम7 या डायनॅमिक माईकवर घेतला होता. आजचा एसएम7बी त्याच घराण्यातला.

पायरी 2 : गायकाची पट्टी आणि गळा तपासा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि नेमकी इथेच चूक होते.

माईकच्या अगदी जवळ गेले की खालचे स्वर फुगतात. दिशा ओळखणाऱ्या जवळजवळ सगळ्या माईकचा हा स्वभाव आहे. फुगवटा साधारण 200 हर्ट्‌झच्या खाली जाणवू लागतो. आता आपली पट्टी पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्‌झवर असतो आणि मंद्र पंचम 104 वर. म्हणजे मंद्रातली सगळी आलापी फुगवट्याच्या पट्ट्यात येते, तार सप्तक मात्र त्याच्या बाहेर राहते. परिणाम असा होतो की मंद्रात आवाज घुमतो, तानेत चढताना एकदम बारीक होतो, आणि हा उतार मिक्सिंगमध्ये सारखा करणे फार किचकट जाते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज 208 हर्ट्‌झच्या आसपास असतो. तिला हा त्रास कमी होतो, उलट जवळून गाताना थोडा भरदारपणाच मिळतो.

मंद्रात खूप रमणारा गायक असेल, तर इलेक्ट्रो-व्हॉइस आरई20 पाहा. 1968 पासून बनणाऱ्या या माईकच्या अंगावर लांबट खाचा आहेत. खालचे आणि वरचे स्वर त्यात वेगवेगळ्या अंतरावरच्या खाचांतून मागच्या बाजूने पडद्यापर्यंत पोहोचतात, त्यामुळे जवळ गेल्यावरचा फुगवटा जवळपास नाहीसा होतो. गायक मान मागे-पुढे हलवत गात असेल तर हा गुण सोन्यासारखा. सेनहायझर एमडी 421 वर खालचे स्वर कापण्यासाठी पाच टप्प्यांची फिरती कडी आहे, आणि एसएम7बीच्या पाठीवर त्याच कामासाठी बटण आहे.

वरच्या बाजूचेही पाहा. शुअरच्या एसएम58 मध्ये 4 ते 6 किलोहर्ट्‌झच्या आसपास मुद्दाम उठाव दिलेला आहे, तो मुख्यतः मंचावर वापरला जाणारा माईक. दबलेल्या, घोगऱ्या गळ्याला हा उठाव मोकळे करतो. आधीच टोकदार, नाकातून येणाऱ्या आवाजाला तो कर्कश करतो. अशा गळ्याला एसएम7बी किंवा आरई20 जास्त साजतात.

पायरी 3 : माईकची आंधळी बाजू कुठे येते ते पाहा

माईक कुठल्या बाजूने ऐकतो आणि कुठल्या नाही, यावरून त्याला कार्डिऑइड, सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड म्हणतात. कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागे बहिरा असतो, म्हणजे 180 अंशावर. सुपरकार्डिऑइड 126 अंशाच्या आसपास आणि हायपरकार्डिऑइड 110 अंशाच्या आसपास बहिरा असतो. पण या दोघांची पाठ थोडी ऐकते, हे विसरू नका.

आपल्याकडे याचे महत्त्व कळते ते गायक मांडी घालून, स्वतः पेटी वाजवत गातो तेव्हा. तोंडापुढे 8 सेंटिमीटरवर माईक आडवा, जमिनीला समांतर लावा. आता माईकवरून पेटी कुठे दिसते? साधारण 45 सेंटिमीटर खाली आणि 20 सेंटिमीटर पुढे. माईकच्या तोंडापासून हा कोन 115 अंशाच्या जवळ येतो. या कोनात कार्डिऑइड माईक पेटीला कागदावर 11 डेसिबल दाबतो, सुपरकार्डिऑइड 20 डेसिबल, हायपरकार्डिऑइड त्याहूनही जास्त. प्रत्यक्षात भिंतींवरून परतलेला आवाज यातले बरेच खातो, तरी फरक कानाला स्वच्छ कळतो. तेव्हा पेटीसह गाणाऱ्यासाठी शुअर बीटा 58ए, सेनहायझर ई945 हे सुपरकार्डिऑइड किंवा बायरडायनॅमिक एम88 हा हायपरकार्डिऑइड घ्या आणि आडवा लावा.

घरात कार्डिऑइडच असेल तर तो आडवा लावू नका. हनुवटीच्या खालून तोंडाकडे उभट तिरपा करा. त्याची पाठ आपोआप पेटीकडे जाते आणि कार्डिऑइडची आंधळी जागा तिथेच आहे. माईक न बदलता, नुसता स्टँड फिरवून होणारे हे काम आहे.

सुपरकार्डिऑइडची एक अट मात्र आहे. त्याच्यापुढून गायकाचे तोंड बाजूला सरकले की स्वराचा रंग लगेच बदलतो. हातवारे करत, मान डोलावत गाणाऱ्याला कार्डिऑइड बरा.

पायरी 4 : गेनचे गणित करा

डायनॅमिक माईकमधून निघणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो. माहितीपत्रकात संवेदनशीलता मिलिव्होल्ट प्रति पास्कल या मापात दिलेली असते. एसएम58 ची 1.85 आहे, आरई20 ची 1.5, एसएम7बीची 1.12, एमडी 421 ची 2. कंडेन्सरची बहुतेकदा 10 ते 25 च्या दरम्यान असते.

एक पास्कल म्हणजे 94 डेसिबल, मोकळ्या गळ्याने माईकजवळ गाताना साधारण तेवढे होतात. अशा गायकाला एसएम58 वर 45 डेसिबलच्या आसपास गेन पुरतो, एसएम7बीवर 50 लागतो. गुणगुणत गाणारा माणूस 80 डेसिबलवर आला की हेच आकडे 60 च्या आसपास आणि त्याच्याही पुढे जातात. एसएम7बीसाठी कंपनी स्वतःच किमान 60 डेसिबल गेन सांगते. प्राथमिक श्रेणीतले बरेच इंटरफेस 50 ते 60 डेसिबल देतात, आणि त्यांतले काही शेवटच्या टप्प्यात सूं आवाज करू लागतात. तेव्हा आधी इंटरफेसच्या पत्रकातला माईकचा कमाल गेन पाहा, मग माईक ठरवा.

गेन कमी पडत असेल तर मधे क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर लावतात, तो सुमारे 25 डेसिबल वाढवतो. त्याला इंटरफेसमधून 48 व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते. 2023 मध्ये आलेल्या एसएम7डीबी या माईकमध्ये अशी सोय आतच आहे. मात्र बूस्टर घेण्याआधी एक चाचणी करा. गाण्यासाठी लागतो तेवढा गेन ठेवा, माईक रजईत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवा आणि रात्री अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. त्यात सूं स्पष्ट ऐकू आली तर दोष प्रीअँपचा, म्हणजे इंटरफेसमध्ये गेन देणाऱ्या भागाचा, बूस्टरने फायदा होईल. कपाटात शांतता आणि खोलीत खरखर, असे असेल तर तो आवाज खोलीचा आहे. बूस्टर गाण्याबरोबर त्यालाही तेवढाच वाढवेल, पैसे फुकट जातील.

पायरी 5 : एकाच गायकावर दोन-तीन माईक ऐका

हे शक्य असेल तर चुकवू नका. दुकानात ऐकवत नसतील तर ओळखीच्या स्टुडिओतून एका संध्याकाळपुरते मागून आणा.

अंतर सुतळीने मोजून ठेवा. प्रत्येक माईकवर तेच पाच तुकडे घ्या: मंद्रातला संथ आलाप, तार षड्जावरचा पुकार, अगदी हळू गुणगुणलेली ओळ, ओष्ठ्य अक्षरांनी ('प', 'फ', 'ब', 'भ') भरलेली ओळ, आणि 'स', 'श', 'च', 'छ' यांची ओळ. शेवटी पंखा चालू ठेवून 20 सेकंद गप्प बसा. मग सगळ्या फायलींचा आवाज सारखा करा, अर्ध्या डेसिबलचाही फरक ठेवू नका. कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, आणि याच फसगतीत चुकीचा माईक घरी येतो. फायलींची नावे दुसऱ्याकडून बदलून घ्या, म्हणजे कुठला माईक महाग आहे हे कळणार नाही. नुसता गळा ऐकून निकाल देऊ नका. तबला-तानपुऱ्याखाली ठेवून ऐका. एकटा ऐकताना गोड वाटलेला माईक पुष्कळदा साथीत बुडतो.

ओष्ठ्य अक्षरांबद्दल थोडे जास्त. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि म्हणा, "पापड, फणस, भाकर." प्रत्येक शब्दाला तळहातावर फुंकर बसते. आता तोच हात ओठांच्या कोपऱ्याकडे, बाजूला न्या आणि पुन्हा म्हणा. फुंकर जवळजवळ थांबते, आवाज मात्र तेवढाच ऐकू येतो. माईकची जागा ती आहे. समोरून 30 ते 45 अंश बाजूला, पण तोंडाकडे वळवलेला. मराठीत महाप्राण अक्षरे जागोजागी येतात, त्यामुळे समोर ठेवलेल्या माईकवर धप्‌धप्‌ झाल्याशिवाय राहत नाही. चाचणीत एखादा माईक इतरांपेक्षा जास्त धपकला तर आधी त्याची जागा हलवून पाहा, मगच त्याला बाद करा. माईकपासून 5 ते 7 सेंटिमीटरवर जाळीचा पॉप फिल्टर लावलात तर आणखी बरे, शिवाय गायक त्याच्या पुढे सरकत नाही आणि अंतर आपोआप राखले जाते.

पायरी 6 : जोडणी आणि खरेदी

माईकसोबत तीन पिनांची एक्सएलआर केबल घ्या आणि ती इंटरफेसच्या माईक इनपुटलाच जोडा. एका टोकाला जाड गिटारसारखी पिन असलेली, कराओके सेटबरोबर येणारी वायर टाळा. त्या वायरीने माईक गिटारच्या इनपुटला लागतो, गेन पुरत नाही आणि घरातली विजेची 50 हर्ट्‌झची घूं त्यात शिरते. केबल बरोबर असूनही घूं येत असेल तर माईक लॅपटॉपच्या चार्जरपासून आणि चोकवाल्या ट्यूबलाइटपासून लांब नेऊन पाहा. एसएम7बी आणि आरई20 मध्ये ही घूं मारणारे उलट वेटोळे आत बसवलेले आहे, म्हणून संगणकाला खेटून बसणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. हे दोन्ही पाऊण किलोच्या घरात जातात, हलका स्टँड हळूहळू खाली झुकतो. स्टँडच्या पैशांत कसर करू नका.

फँटम पॉवर चुकून चालू राहिली म्हणून चांगल्या केबलवरचा डायनॅमिक माईक बिघडत नाही, तेवढी भीती बाळगू नका. चालू-बंद बटणवाला माईक मात्र स्टुडिओसाठी घेऊ नका. रेकॉर्डिंगच्या मध्यात ते बटण दाबले जाते किंवा काही महिन्यांनी कुरकुरते.

एसएम58 च्या नकला बाजारात उदंड आहेत. खोका आणि शिक्का हुबेहूब असतो, वजन मात्र फसते. खऱ्याचे वजन 298 ग्रॅम आहे. किराणा दुकानातल्या काट्यावरही हे तपासता येते, आणि 30-40 ग्रॅम कमी भरले तर परत करा. जुना माईक घेत असाल तर केबल लावून टोक हलकेच हलवा, कडकड ऐकू आली तर पिना सैल आहेत. मग तोंडावरची जाळी उघडून पाहा. आतला फोम चुरा होत असेल तर नवा फोम मिळतो, तेवढ्यासाठी माईक नाकारू नका. पण पडद्याच्या भागावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसला तर सोडून द्या. आतल्या लोहचुंबकाने ओढलेला तो कीस वेटोळ्यापर्यंत गेला की सूर फाटतो, आणि तो स्वच्छ करणे घरी जमत नाही.